सासूबाईंनी वाचलेलं मुखपृष्ठ

मुग्धा इंगळेचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, पण तिचं लिखाण तुम्ही नक्की वाचलंय. दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना, पार्लरमध्ये केसांना मेंदी लावून बसल्यावर, गाडीला वेळ आहे म्हणून स्टँडवरच्या स्टॉलसमोर उभं राहिल्यावर तुमचा हात आपसूक ज्या मासिकाकडे गेला, त्याच्यावर त्या नटलेल्या बाईच्या खांद्याला लागून पिवळ्याधमक अक्षरांत चार-पाच शब्द होते ना, ते हिचे. आतले लेख दुसरेच कोणी लिहायचे. मुग्धा फक्त मुखपृष्ठावरच्या ओळी लिहायची, आणि कित्येक वर्षं तेवढंच करत आली होती.

मासिकाचं नाव 'कंकण'. मराठी बायकांचं मासिक आणि निघतं बेंगळुरूतून, हे ऐकून तिच्या पुण्याच्या मैत्रिणी भुवया उंचवायच्या. उंचवू देत. एकाच कंपनीची कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि मराठी अशी पाच मासिकं एकाच मजल्यावर तयार व्हायची, आणि पाचांवर बाई एकच असायची. फोटो एकदाच काढायचा. मग कन्नड अंकासाठी तिच्या केसांत मोगरा चढवायचा, मराठीसाठी नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर आणि हातात हिरवा चुडा. चंद्रकोर पुसली की तीच बाई तमिळ व्हायला मोकळी. मुग्धा नवीन होती तेव्हा तिला याचं फार हसू यायचं. पुढेपुढे तीच सांगायला लागली, नथ जरा मोठी करा, स्टॉलवरून दिसत नाही.

तिचे साहेब उपेंद्र. कन्नड माणूस, मराठी बोलायला येत नसे, पण बाईचा हात मासिकाकडे कसा वळतो हे त्या माणसाला कोळून प्यायल्यासारखं पाठ होतं. फोटोतली बाई सरळ तुमच्या डोळ्यांत बघत असली पाहिजे, इकडेतिकडे बघणारी बाई विकली जात नाही. ती सुंदर हवी, पण इतकीही नको की घेणारीला आपली लाज वाटावी. थोडी मेहनत केली तर आपणही अशा दिसू, असं वाटण्याइतपतच. ओळीतला पहिला शब्द भीतीचा असावा आणि दुसरा सुटकेचा. 'कदाचित', 'काही जणींना', 'डॉक्टरांच्या सल्ल्याने' हे शब्द आतल्या पानांवर राहतात, त्यांना बाहेर आणायचं नाही. आणि जोडाक्षरं टाळायची. चालत्या बसमधून वाचता आलं पाहिजे. हिंदीत बोलत असले तरी मराठीतलं जोडाक्षर ते नुसत्या नजरेनं हेरायचे आणि त्यावर बोट ठेवायचे. मुग्धा हे सगळं शिकली आणि चांगलं शिकली. खोटं कशाला सांगा, तिला त्याचा अभिमानही होता.

घरी या अभिमानाला खतपाणी घालणारं एक माणूस होतं, ते म्हणजे तिच्या सासूबाई, सोयराबाई.

इंगळे मंडळी बेंगळुरूची जुनी. मुग्धाचे सासरे टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनिअर होते, के. आर. पुरमचं घर त्यांनी तेव्हाच बांधलेलं. मुलगा विश्वेश्वर आता महादेवपुऱ्यात संगणकाच्या कंपनीत. सोयराबाईंचा तर जन्मच इथला. घरात मराठी बोलायच्या, तीही कन्नडच्या फोडणीची, पण शाळा सातवीपर्यंत कन्नड. त्यामुळे मराठी वाचायचं म्हटलं की त्या पाहुण्यासारख्या अंग चोरून बसायच्या. सून मराठी मासिकात कामाला लागली आणि म्हातारीनं हट्ट धरला, "तू लिवलेलं मला वाचायला पायजे."

मग दर महिन्याला पहिला अंक घरी आला की दोघी जेवणाच्या टेबलापाशी बसायच्या. मोठी अक्षरं, पिवळी, लाल रंगाच्या पट्टीवर. शिकायला यापेक्षा चांगलं पुस्तक कुठलं मिळणार? सोयराबाई बोट ठेवून एकेक अक्षर लावायच्या. 'स्वयंपाक' आला की अडखळायच्या, 'सौंदर्य' आलं की हातच जोडायच्या. आतली पानं मात्र त्यांनी कधी उघडली नाहीत. एक तर बारीक अक्षर लागायचं नाही, आणि साखरेनं डोळेही अधू केले होते. वीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ गोळ्या, रात्रीच्या जेवणाआधी इन्शुलिनची सुई. ती त्या स्वतःच्या हातानं टोचून घ्यायच्या, सुनेला हात लावू द्यायच्या नाहीत. "उद्या तू मला भरवायला बी लागशील, नको मला ते," म्हणायच्या. आपण कोणावर भार होऊ नये, एवढी एकच धास्ती त्या बाईला होती.

या वर्षी मार्चमध्ये 'कंकण'चा ज्येष्ठ विशेषांक निघाला. मुखपृष्ठावर पहिल्यांदाच तरुण मॉडेल नव्हती. पांढऱ्या केसांची, तुकतुकीत कांतीची, साठीतली बाई, अंगावर जांभळी पैठणी आणि चेहऱ्यावर असं हसू की तिला आयुष्यात कधी गुडघा दुखला नसावा. आत मधुमेहावर एक लेख होता. चांगला, जबाबदारीनं लिहिलेला. नुकताच मधुमेह झालेल्या काही रुग्णांना, खाणंपिणं आणि व्यायाम सांभाळून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करता येतात, असं त्यात म्हटलं होतं. आणि शेवटी चौकटीत, औषधं स्वतःहून बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

मुग्धानं आधी लिहिलं होतं, 'मधुमेहाच्या गोळ्या कमी होऊ शकतात का?' उपेंद्रसाहेबांनी ते हिंदीत समजावून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, की बाई मनातल्या मनात 'नाही' म्हणेल आणि पुढच्या मासिकाकडे वळेल, तिला उत्तर देऊन टाक. मुग्धा तिच्या जागेवर गेली आणि चहा संपायच्या आत दुसरी ओळ घेऊन आली.

'मधुमेह? आता गोळीला रामराम!'

एकही जोडाक्षर नाही, पहिला शब्द भीतीचा, शेवटचा सुटकेचा. साहेबांनी अंगठा वर केला. घरात फ्रिजच्या दारात इन्शुलिनची पेनं रोज बघणाऱ्या या बाईला त्या क्षणी सासूची आठवण झाली नाही. झाली असती तर काय झालं असतं कोण जाणे, पण झाली नाही हे खरं.

अंक घरी आला तेव्हा मुग्धा फोनवर कोणाशी तरी बोलत होती. सोयराबाईंनी तो उचलला, खिडकीशी नेला, आणि बोट न लावता ओळ वाचून काढली. अख्खी, न अडखळता. मग परत एकदा. मग त्या मुखपृष्ठावरच्या बाईकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडंच बघतीय की गं ही. ही मी ठेवून घेऊ?" मुग्धानं फोनवर बोलता बोलता मान हलवली. सासूबाईंना एका दमात वाचता आलं याचा तिला आनंद झाला, तो तिनं फोनवरच्या माणसालाही सांगितला.

पुढचे काही दिवस म्हातारी खरंच हलकी वाटत होती. पूर्वी सुई जरा जास्त झाली की संध्याकाळी हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा, ते थांबलं होतं. सुई थांबली होती म्हणून ते थांबलं होतं, पण हे कोणाला माहीत? मग तहान सुरू झाली. उन्हाळा आहे, म्हणून मुग्धानं त्यांच्या उशाशी आणखी एक बाटली ठेवली. संडास-बाथरूमच्या खेपा वाढल्या, तेव्हा विश्वेश्वर म्हणाला, एवढं पाणी पितेय तर होणारच. मग झोप वाढली. आणि एका सकाळी मुग्धा चहा घेऊन गेली तर सासूबाईंचे डोळे अर्धवट उघडे, ओठ कोरडे ठक्क, आणि त्या तिला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारत होत्या. साखर मोजायच्या यंत्रानं आकडाच दाखवला नाही, नुसतं वरचं टोक गाठलंय एवढं सांगितलं. शेजारच्या रिक्षावाल्या अण्णानं म्हातारीला लहान मुलासारखं उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. साखर प्रचंड वाढलीय, अंगातलं पाणी आटलंय, मूत्रपिंडांवर ताण आलाय, औषधं कुठली चालू आहेत ती घेऊन या, म्हणाल्या. मुग्धा धावत घरी आली. सासूबाईंच्या कपाटात गोळ्यांच्या पट्ट्या नीट रचून ठेवलेल्या होत्या, एक सोडली तर सगळ्या न फोडलेल्या. फ्रिजमध्ये इन्शुलिनची पेनं सीलबंद. आणि कपाटाच्या दाराला आतून, देवाच्या तसबिरी शेजारी, ते मुखपृष्ठ अंकापासून नीट कापून चिकटवलेलं, वर हळदकुंकवाचं बोट. पांढऱ्या केसांची बाई सरळ मुग्धाच्या डोळ्यांत बघत हसत होती. मुग्धा तिथेच फरशीवर बसली आणि तोंडावर ओढणी दाबून ओरडली.

दवाखान्यात परत गेल्यावर तिनं नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं. काही लपवलं नाही. विश्वेश्वरनं ऐकलं. हा माणूस ऑफिसात सगळ्यांना बायकोच्या ओळी वाचून दाखवणारा. तो म्हणाला, "तू तिला एकदा तरी आतलं पान वाचून दाखवायचं होतंस." बस, एवढंच. त्यानं आरडाओरडा केला असता तर मुग्धाला बरं वाटलं असतं.

अतिदक्षता विभागात सलाइनमधून इन्शुलिन गेलं, साखर उतरली, म्हातारी शुद्धीवर आली. मुग्धानं दवाखान्यातल्या गणपतीपुढे डोकं टेकलं. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरी पंचाईत इथून पुढेच सुरू झाली. कारण वॉर्डात हलवल्यावर पहिल्याच संध्याकाळी नर्स सुई घेऊन आली आणि सोयराबाईंनी हात अंगाखाली दडवला.

"नको. आमच्या सुनेनं लिवलंय, गोळी-सुई काय नको."

नर्सला वाटलं, म्हातारी बरळतेय. पण बाई पूर्ण भानावर होती. नाव, गाव, वार, मुलाची कंपनी, सगळं सांगितलं. जेवण घेईना, गोळी थुंकून टाकली, आणि नर्सनं जरा जोर केला तर सलाइनची नळीच ओढून काढली. चादरीवर रक्त सांडलं. डॉक्टरीणबाई विश्वेश्वरला म्हणाल्या, "शुद्धीत असलेल्या माणसाला मी हात बांधून सुई देऊ शकत नाही. तुम्ही समजवा. साखर परत चढली तर मूत्रपिंडं जातील, आणि या वेळी त्या परत येतील असं मी सांगू शकत नाही."

विश्वेश्वरनं हात जोडले, रागावला, रडला. म्हातारी ढिम्म. शेवटी मुग्धा तिच्या पलंगावर बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"आई, मी लिहिलं ते चूक होतं. गोळ्या थांबवल्या म्हणूनच हे झालं."

सोयराबाईंनी तिच्याकडे मायेनं बघितलं. कोणी लहान पोर घाबरल्यावर बघतात तसं.

"तसं न्हवं गं. मधे जरा चक्कर आली तर मी घाबरून दोन दिस गोळ्या घेतल्या परत. नेम मोडला माझा, म्हणून हे झालं. चूक माझी हाय, तुझी काय नाय."

"आई, ते तुमच्यासाठी नव्हतंच लिहिलेलं."

"मला ठावं हाय कुणासाठी लिवलंस ते." सासूबाई हसल्या. "तोंडानं सांगायला तुला लाज वाटली असेल. सासूला कसं सांगायचं, औषधाचा खर्च, सुयांचा त्रास. म्हणून मला वाचता येईल असं लिवलंस. एक बी जोडाक्षर नाय. मला कळत नाय काय?"

मुग्धाच्या सगळ्या आयुष्यात तिच्या लिखाणावर एवढा विश्वास कोणी ठेवला नव्हता, आणि तो आता म्हातारीचा जीव घ्यायला निघाला होता. तिनं पिशवीतून अंक काढला, मधलं पान उघडलं आणि शेवटची चौकट मोठ्यानं वाचून दाखवली. औषधं स्वतःहून बंद करू नका. जिवावर बेतू शकतं. दोनदा वाचली.

सोयराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हात पुढे करून अंक चाचपला, त्या बारीक अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"खरं असतं तर हे मोठ्या अक्षरात लिवलं नसतंस?" त्या म्हणाल्या. "बारीक अक्षर डॉक्टर लोकांच्या भीतीनं घालावं लागतं, ते मला ठावं हाय." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

या प्रश्नाचं उत्तर मुग्धाला पाठ होतं, रोजचं होतं, आणि ते सासूला सांगायची तिला शरम वाटत होती. साखर परत चढायला लागली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत म्हातारीचे ओठ पुन्हा कोरडे पडले, बोलणं जड झालं. नर्स येऊन आकडा सांगून जायची आणि प्रत्येक वेळी तो वाढलेला असायचा.

तिनं वॉर्डाबाहेर येऊन उपेंद्रसाहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, आणि पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर दुरुस्ती छापा म्हणून गयावया केली. साहेब खरंच हळहळले. दवाखान्यात काही ओळख लागली तर सांग, म्हणाले. पण मुखपृष्ठाचं म्हणशील तर ते कालच छपाईला गेलं. दुरुस्ती आतल्या पानावर देऊ, तळाशी, चौकटीत. आणि मुग्धा, तुला सांगायचं राहिलं, तो अंक जोरात गेला, दुकानदार आणखी प्रती मागतायत, तर पुढच्या वेळी रक्तदाबावर असंच काहीतरी कर. मुग्धानं फोन कानापासून लांब धरला. जी माणसं आत उघडून बघतच नाहीत त्यांना तुम्ही आतल्या पानावर सांगणार आहात का, असं तिला विचारायचं होतं. पण ती कोणत्या तोंडानं विचारणार होती? ही युक्ती तिलाही त्यांच्याइतकीच येत होती.

मोठ्या अक्षरात लिवलं नसतंस? ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. आणि वॉर्डाच्या दारातच तिच्या लक्षात आलं की सासूबाईंनी तिला उत्तरही सांगून ठेवलंय. मुग्धाच्या तोंडच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, बारीक अक्षरावर नव्हता, डॉक्टरवर तर नव्हताच. मुखपृष्ठावर होता. तर मग मुखपृष्ठावरच सांगायला हवं.

तिनं विश्वेश्वरला आईपाशी बसवलं आणि 'कंकण' छापणाऱ्या बोम्मसंद्र्याच्या छापखान्याकडे जायला टॅक्सी पकडली. रस्त्यातली गर्दी तुम्हाला काय सांगायची, बेंगळुरूची माणसं ती रोज भोगतात. त्या दिवशी प्रत्येक सिग्नलला मुग्धाच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

छापखान्यात मुखपृष्ठं जुळवायला श्रीहरी नावाचा माणूस होता. वर्षानुवर्षं याच मासिकाच्या बायकांच्या हनुवटीखालची वळी पुसत आलेला. मुग्धाचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला, पण वाद घातला नाही. "एकच प्रत ना? सरी, ठीक आहे," म्हणाला आणि संगणकासमोर बसला. 'कंकण'चं नाव वर आलं, महिना आला, तळाशी किंमत आणि काळ्या रेघांची पट्टी आली. खोटं वाटायला नको म्हणून सगळं जिथल्या तिथं. मग त्यानं विचारलं, बाई कुठली घालू? तीच पांढऱ्या केसांची?

मुग्धा हो म्हणणार होती. तीच बाई, तेच हसू, हात जोडलेले. सासूबाईंचा तिच्यावर जीव जडलाय, ती म्हणेल ते त्या ऐकतील. कामाची सवय अशी असते बघा, म्हातारी तिकडे मरणाच्या दारात आणि हिच्या डोक्यात कुठला चेहरा खपेल हेच. पण ते हसणारं तोंड पडद्यावर आलं आणि तिनं ते बंद करायला लावलं. या बाईच्या तोंडून आता तिला एक शब्दही वदवायचा नव्हता.

"माझा फोटो घाल," ती म्हणाली.

श्रीहरीनं तिला छापखान्याच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं आणि फोटो काढला. दोन रात्रींची न झोपलेली, केस विस्कटलेले, ओढणीवर सासूच्या रक्ताचा डाग. पडद्यावर फोटो येताच त्याचा हात सवयीनं डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे गेला आणि तो ती पुसायला लागला. मुग्धानं त्याचं मनगट धरलं. "राहू दे. काहीच पुसू नकोस."

मग ओळ. आयुष्यात तिनं हजारो ओळी लिहिल्या असतील, एवढा वेळ तिला कधी लागला नव्हता. भीतीचा शब्द, सुटकेचा शब्द, उद्गारचिन्ह, सगळं तिच्या बोटांशी आपोआप येत होतं आणि ती ते खोडत होती. एकच नियम तिनं पाळला, जोडाक्षर नको. शेवटी जे राहिलं ते तिनं श्रीहरीला सांगितलं आणि त्यानं ते चेहऱ्याच्या खाली, पानाच्या रुंदीइतक्या अक्षरांत बसवलं.

'आई, मी लिहिलं ते खोटं. सुई हवीच.'

गुळगुळीत कागदावर एक प्रत निघाली. श्रीहरीनं ती जुन्या अंकाला गुंडाळून पिना मारल्या, कडा कापल्या आणि हातात देताना नुसती मान खाली घातली.

ती परत पोचली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. सोयराबाईंचा श्वास जड चालला होता, डोळे मिटलेले. डॉक्टरीणबाई पायथ्याशी उभ्या, विश्वेश्वर आईच्या उशाशी भिंतीला डोकं टेकून. साखर पुन्हा पहिल्या दिवसाच्या जवळ आली होती. आणखी थोडा वेळ, आणि शुद्ध गेली की मग आम्ही सुई देऊच, डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, पण तोवर फार उशीर झालेला असेल.

"आई," मुग्धा त्यांच्या कानाशी वाकली. "नवीन अंक आलाय."

म्हातारीनं डोळे उघडले. त्या शब्दावर त्या कधी झोपून राहिल्या नव्हत्या. मुग्धानं चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि अंक समोर धरला. विश्वेश्वरनं दुसरी कड धरली.

सोयराबाई आधी चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग मुग्धाकडे, मग परत त्या चेहऱ्याकडे.

"ही तू हायस?"

"होय आई."

"किती वाळलीस गं," त्या पुटपुटल्या. मग त्यांचं बोट उठलं आणि पहिल्या अक्षरावर टेकलं. आ. ई. घशाला कोरड पडलेली, शब्द नीट उमटत नव्हते, तरी एकही अक्षर त्यांनी सोडलं नाही. लि. हि. लं. 'खोटं' या शब्दापाशी बोट थांबलं. मग बोट पुढे सरकलं आणि शेवटच्या टिंबापर्यंत गेलं.

सुनेनं आपल्याला फसवलं, असं त्या म्हणतील, तोंड फिरवतील, मुग्धा त्याला तयार होती. तिनं मान खाली घातली. पण सोयराबाईंनी चादरीखालून दंड बाहेर काढला आणि डॉक्टरांच्या दिशेनं केला. डॉक्टरांनी नर्सला खूण केली. विश्वेश्वरनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

सुई टोचली गेली तेव्हा म्हातारीचं लक्ष सुईकडे नव्हतं. त्या अंक उलटसुलट करून बघत होत्या.

"हा सगळीकडं गेला काय? दुकानात बी?"

मुग्धा म्हणाली, "नाही, आई. ही एकच छापली. तुमच्यासाठी."

सोयराबाईंनी चष्म्याआडून तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, पण आता ती मायाही नव्हती, भीती होती.

"मग बाकीच्या बायकांचं कसं गं?" त्यांनी विचारलं.

सासूबाई तिच्या उत्तराची वाट बघत होत्या.